इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर: निवड कशी करावी आणि काम कसं करून घ्यावं

पुण्यात किंवा नाशिकला फ्लॅट घेतला की व्यवहार कुठे पुरा होतो ते डोळ्यांना दिसतं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेणारा आणि विकणारा दोघं येतात, अंगठे उमटतात, फोटो निघतात, साक्षीदार सह्या करतात. इंग्लंडमध्ये यातलं काहीच होत नाही. विकणाऱ्याची आणि तुमची कदाचित भेटही होणार नाही. सगळा व्यवहार दोन बाजूंच्या सॉलिसिटरांमध्ये, म्हणजे वकिलांमध्ये, ईमेलवर आणि फोनवर होतो, आणि तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम त्यांच्याच खात्यातून पुढे जाते.

तरीही घर शोधायला महिनोन्‌महिने घालवणारी माणसं सॉलिसिटर मात्र ऑफर मान्य झाल्यावर एका संध्याकाळी, एजंटने सुचवलेलं नाव घेऊन ठरवतात. माझं सांगणं असं, की सॉलिसिटर घराच्या आधी ठरवा. आणि त्याला पहिल्याच ईमेलमध्ये दोन गोष्टी सांगून टाका: भारतात तुमच्या नावावर काय आहे, आणि भारतातून किती पैसा येणार आहे. आपल्या लोकांचे व्यवहार अडकतात ते फार करून याच दोन ठिकाणी, आणि तेही अगदी शेवटच्या आठवड्यांत.

इथलं विवेचन इंग्लंडपुरतं आहे. वेल्समध्ये पद्धत हीच, पण घरखरेदीवरचा कर वेगळा. स्कॉटलंडचा कायदाच निराळा आहे. तिथे ऑफरही सॉलिसिटरमार्फतच जाते.

निवड करताना

हे काम सॉलिसिटर करतात, तसेच लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे मालमत्तेच्या व्यवहारांचे परवानाधारक तज्ज्ञ, हेही करतात. सॉलिसिटरांवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची देखरेख असते, कन्व्हेयन्सरांवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सची. साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीच्या) घरासाठी दोघांपैकी कुणीही चालेल. मालकीचा वाद, घटस्फोट, ट्रस्ट, वारसा असं काही गुंतलेलं असेल तर सॉलिसिटरच घ्या. दोन्ही संस्थांच्या नोंदवह्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. फर्मचं नाव तिथे आहे का, पत्ता आणि फोन जुळतो का, हे स्वतः बघा आणि तो फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. पैसे पाठवायच्या वेळी तो लागणार आहे.

त्यानंतर विचारायचा प्रश्न असा: ‘माझ्या बँकेच्या पॅनेलवर तुम्ही आहात का?’ मॉर्गेज (गृहकर्ज) देणारी बँक आपल्या यादीतल्या फर्मलाच काम देते. फर्म यादीत नसेल तर बँकेसाठी दुसरा वकील नेमावा लागतो, खर्च वाढतो आणि आठवडे जातात. लॉ सोसायटीच्या कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीमची मान्यता आहे का, हेही पाहा. अनेक बँका ती मागतात.

एजंटने सुचवलेल्या फर्मबद्दल: बऱ्याचदा एजंटला त्या शिफारशीचे पैसे मिळतात. ते बेकायदा नाही, मात्र तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे. किती मिळतात ते विचारा. आमच्याच सॉलिसिटरकडे गेलात तरच ऑफर पुढे पाठवू, असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका. तशी सक्ती त्यांना करता येत नाही.

हॅरो, वेम्बली, स्लाऊ या भागांत हिंदी-गुजराती बोलणारे, क्वचित मराठी बोलणारेही सॉलिसिटर सापडतात. भाषेमुळे मोकळं बोलता येतं, हे खरं. पण मित्राच्या व्हिसाचं काम छान केलं म्हणून घराचं काम त्याच माणसाला देणं शहाणपणाचं नाही. रोज घरांचेच व्यवहार करणारा माणूस हवा.

फोनवर बोलताना हे विचारा: माझी फाईल प्रत्यक्ष कोण सांभाळणार, त्या माणसाचं नाव काय, तो रजेवर गेला तर कोण? एका वेळी त्याच्याकडे किती फायली असतात? मी घेणार असलेल्या प्रकारचं घर, म्हणजे लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचा) फ्लॅट, नवीन बांधकाम किंवा शेअर्ड ओनरशिप (घराचा काही हिस्सा विकत, उरलेल्याचं भाडं), तुम्ही नेहमी करता का? उंच इमारतीतला फ्लॅट असेल तर बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ खालची कामं घेता का? काही फर्म ती घेतच नाहीत, आणि हे महिनाभराने कळून उपयोग नसतो. शेवटचा प्रश्न आपल्यासाठी खास: भारतातून आलेला पैसा असलेली प्रकरणं तुम्ही केली आहेत का, आणि तुम्हाला कोणते कागद लागतात? उत्तर देताना समोरचा चाचपडला तर पुढची फर्म बघा.

फीबाबत एकच सांगतो. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीचे दर जाहीर करावे लागतात, पण जाहिरातीतला आकडा आणि शेवटचं बिल यांत अंतर पडतं. लीजहोल्डचे जादा, बँकेच्या कामाचे जादा, गिफ्ट डिपॉझिट (भेट म्हणून मिळालेली सुरुवातीची रक्कम) तपासण्याचे जादा, कराचा फॉर्म भरण्याचे जादा, प्रत्येक बँक ट्रान्स्फरचे जादा, आणि फीवर २० टक्के व्हॅट. म्हणून सगळं धरून लेखी कोटेशन मागा आणि व्यवहार फिसकटला तर किती द्यावे लागतील तेही त्यात लिहून घ्या. दोन-तीनशे पौंड वाचवण्यासाठी सर्वांत स्वस्त फर्म निवडू नका. उशीर झाल्यावर मॉर्गेजचा मान्य झालेला दर हातचा गेला तर त्याच्या कितीतरी पट जास्त जातात.

पुण्यातला फ्लॅट आणि इथला कर

स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्सचा, म्हणजे घरखरेदीवरच्या कराचा, हा भाग नीट वाचावा. पहिलं घर घेणाऱ्याला सवलत आहे: एप्रिल २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे ३ लाख पौंडांपर्यंत काही नाही, ३ ते ५ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के, आणि किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलतच नाही. पण ‘पहिलं घर’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. वडिलांच्या पश्चात गावच्या घरात वारसाहक्काने हिस्सा आला असेल तरी ती अट मोडू शकते. नवरा-बायको मिळून घेत असतील तर दोघांनीही अट पुरी करायला हवी.

सवलत जाणं हे त्यातलं लहान नुकसान. कम्प्लीशनच्या, म्हणजे घर ताब्यात येण्याच्या, दिवसअखेर तुमच्याकडे आणखी एखादं राहतं घर असेल, मग ते कोथरूडमध्ये का असेना, आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. एकत्र राहणाऱ्या लग्नाच्या जोडीदाराच्या नावावरचं घरही यात धरलं जातं, इथल्या खरेदीत त्याचं नाव नसलं तरी.

४ लाख पौंडांच्या घराचं गणित करून पाहा. दोघांचंही पहिलंच घर असेल तर कर ५ हजार पौंड. पूर्वी भारतात घर होतं पण विकलं, तर १० हजार. ते घर अजून नावावर आहे, तर ३० हजार.

कौतुकाने किंवा कृतज्ञतेपोटी इथल्या घराला आई-बाबांचं नाव लावायची इच्छा होते. ते भारतात स्वतःच्या घरात राहत असतील तर त्यांच्या एका नावामुळे ५ टक्क्यांचा अधिभार सगळ्या किमतीवर बसतो. शिवाय खरेदीआधीच्या वर्षभरात ते किमान १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेले नसतील तर परदेशस्थांचा २ टक्के अधिभारही बसतो. वरच्या उदाहरणात कर ३८ हजारांवर जातो.

अलीकडे मिळालेला वारसाहक्काचा हिस्सा, विकलेलं राहतं घर अशा काही प्रसंगांत सूट किंवा परतावा मिळतो. त्यासाठी कधी कुठलं घर घेतलं, हिस्सा किती, वाटणीपत्र झालंय का, सातबारावर नाव आहे का, हे सगळं सॉलिसिटरला लिहून द्या. आणि ‘करविषयक सल्ला तुमच्या कामात धरलेला आहे का?’ हे स्पष्ट विचारा. बऱ्याच फर्म नेमणूकपत्रातच तो वगळतात. एकत्र कुटुंबाची जमीन-घरं असतील तर वेगळा कर सल्लागार घ्या, ऑफर देण्याआधी. फॉर्मवर शेवटी तुमची जबाबदारी असते; ‘मला माहीत नव्हतं’ हे एचएमआरसीपुढे, म्हणजे इथल्या कर खात्यापुढे, चालत नाही.

पैसा कुठून आला, याची फाईल

मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटरला तुमच्या डिपॉझिटचा माग काढावाच लागतो. हा अविश्वास तुमच्यावरचा नाही. त्याने हे केलं नाही तर त्याचा परवाना धोक्यात येतो. म्हणून चिडण्यापेक्षा फाईल आधी तयार ठेवा.

इथल्या पगारातून साठवलेल्या पैशांसाठी बँक स्टेटमेंट आणि पगारपत्रकं पुरतात. भारतातला फ्लॅट विकून पैसे आणत असाल तर नोंदणी झालेलं खरेदीखत, इंडेक्स टू, खरेदीदाराकडून रक्कम जमा झाल्याचं स्टेटमेंट, चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र, आणि पैसे इथे पोचल्याची नोंद अशी सलग साखळी लागते. एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. कागद मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि ते भारतात घर विकतानाच करून ठेवलंत तर उत्तम.

आई-वडिलांनी भेट म्हणून दिलेल्या पैशांचं वेगळं. भारतातल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि मोठ्या रकमेवर तिथली बँक टीसीएस हा आगाऊ कर वसूल करते. तेवढी तजवीज त्यांनी ठेवायला हवी. इथे त्यांचं पत्र लागतं, की ही भेट आहे, परत घ्यायची नाही आणि घरावर आमचा हक्क नाही. शिवाय त्यांचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि त्यांच्याकडे हे पैसे कसे आले त्याचे कागद: निवृत्तीनंतरची रक्कम, मोडलेली मुदतठेव, विकलेली जमीन. आईने दागिने मोडून पैसे दिले असतील तर सराफाची पावती आणि रक्कम खात्यात आल्याची नोंद हवी. मित्राकडून हातउसने घेतलेले पैसे भेट म्हणून दाखवू नका. ते कर्ज आहे, बँकेला सांगावं लागतं, आणि खोटं पत्र हा गुन्हा आहे.

नावांचा घोळ हा आपला जुना त्रास. खरेदीखतात आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, बँकेत आद्याक्षरं, लग्नाआधीचं नाव एका ठिकाणी, नंतरचं दुसऱ्या ठिकाणी. हे सगळं एकाच व्यक्तीचं आहे असं सांगणारा विवाहाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र फाईलमध्ये आधीच लावा. पुष्कळ फर्म परदेशी खात्यातून थेट पैसे घेत नाहीत, म्हणून रक्कम आधी तुमच्या इथल्या खात्यात आणा, शक्यतो काही आठवडे आधी.

ऑफर मान्य झाल्यानंतर

ऑफर मान्य होणं म्हणजे सौदा पक्का होणं नव्हे. कॉन्ट्रॅक्टची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं. विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो. इथून घर ताब्यात यायला तीन ते पाच महिने धरून चला, लीजहोल्ड असेल तर त्याहून जास्त.

तुमचा सॉलिसिटर आता विकणाऱ्याकडून कॉन्ट्रॅक्टचा मसुदा, लँड रजिस्ट्रीतला उतारा आणि नकाशा, आणि विकणाऱ्याने भरलेले फॉर्म मागवतो. टीए६ मध्ये घराची माहिती असते: शेजाऱ्यांशी वाद, केलेली बांधकामं, पूर. टीए१० मध्ये काय काय ठेवून जाणार त्याची यादी. मग सर्च, म्हणजे घराविषयीच्या अधिकृत चौकश्या: स्थानिक कौन्सिलचा, पाणी आणि सांडपाण्याचा, पर्यावरणाचा, जुन्या खाणींच्या भागात कोळशाचा. सर्चचे पैसे त्याने मागितले की त्याच दिवशी भरा. काही कौन्सिलांची उत्तरं यायला आठवडे लागतात.

एक मुद्दा मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो: सॉलिसिटर घर पाहायला कधीच येत नाही. तो कागद वाचतो. माळ्यावरची खोली, मागे वाढवलेलं स्वयंपाकघर, पाडलेली भिंत, कुंपणाबाहेर गेलेली बाग, शेजाऱ्याची गाडी जाणारा बोळ हे त्याला दिसणारच नाही, तुम्ही सांगितल्याशिवाय. म्हणून लँड रजिस्ट्रीचा नकाशा आला की तो घेऊन पुन्हा घरी जा आणि हद्द ताडून पाहा. फोटो काढा, एजंटचं माहितीपत्रक सॉलिसिटरला पाठवा आणि लिहा: ‘माळ्यावर बेडरूम आहे, बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र आलं आहे का?’ भिंतींची ओल आणि छपराची अवस्था हा सर्व्हेअरचा, म्हणजे घर तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, प्रांत. त्याचा अहवालही सॉलिसिटरला द्या, कारण त्यातून कायदेशीर प्रश्न निघतात.

प्रमाणपत्र नसेल तर विकणारा इन्डेम्निटी विमा (कागदातल्या त्रुटीमुळे होणाऱ्या नुकसानीचा विमा) देऊ करतो. त्याने कौन्सिलने बजावलेल्या नोटिशीचा खर्च भरून निघेल, वाईट बांधलेला माळा चांगला होणार नाही. आणि असा विमा घ्यायचा विचार असेल तर कौन्सिलला आपण होऊन फोन करू नका. तुमच्या चौकशीमुळेच विमा मिळायचा बंद होऊ शकतो. आधी सॉलिसिटरला विचारा.

फ्लॅट लीजहोल्ड असेल तर लीजची किती वर्षं उरली आहेत हे ऑफरआधीच पाहा. ८० च्या खाली गेलेली लीज वाढवणं महाग पडत आलं आहे, आणि बँकाही बिचकतात. कायदा बदलतो आहे: लीज वाढवण्यासाठी दोन वर्षं मालक असण्याची अट जानेवारी २०२५ अखेर गेली, आणि ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजना ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं वार्षिक भाडं) नाही. जुन्या लीजमध्ये मात्र तो दर काही वर्षांनी दुप्पट होण्याचं कलम असू शकतं. सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभाल खर्चाचे) मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागवा. छप्पर किंवा लिफ्टचं मोठं काम ठरलंय का, विचारा. २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर उंच इमारतींच्या बाह्य भिंतींचे कागद बँका कसून पाहतात. किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजल्यांची इमारत असेल तर विकणाऱ्याचं लीजहोल्डर सर्टिफिकेट (सुरक्षा-दुरुस्तीच्या खर्चापासून फ्लॅटला संरक्षण आहे का, ते ठरवणारा कागद) आहे का, हे पहिल्या आठवड्यात विचारायला लावा.

रोजचं काम

रोज फोन करून काम वेगाने होत नाही. आठवड्यातून एक ईमेल, त्यात क्रमांक घातलेले प्रश्न, विषयात फाईल क्रमांक आणि घराचा पत्ता, ही पद्धत ठेवा. ‘काय चाललंय?’ असं विचारण्यापेक्षा ‘विकणाऱ्याच्या बाजूला विचारलेल्या कोणत्या एन्क्वायरींची (प्रश्नांची) उत्तरं बाकी आहेत आणि ती कुणाकडे अडली आहेत?’ असं विचारा. मिळालेलं उत्तर एजंटला कळवा; विकणाऱ्याला हलवायचं काम एजंट जास्त चांगलं करतो, त्याचं कमिशन त्यावर अवलंबून असतं.

बहुतेक वेळा तुमचा सॉलिसिटर बँकेचाही सॉलिसिटर असतो. किंमत कमी करून घेतलीत, नोकरी बदलली, नवं कर्ज घेतलं, व्हिसाची स्थिती बदलली, तर त्याला सांगा. बँकेला ते कळायला हवं. लपवलेलं उघड झालं तर तो तुमचंही काम सोडू शकतो.

दोघांच्या नावावर घर असेल तर तो विचारेल: जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन? पहिल्या प्रकारात एकजण गेला की घर आपोआप दुसऱ्याचं होतं. दुसऱ्यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा असतो आणि मृत्युपत्राप्रमाणे जातो. एकाच्या माहेरून किंवा वडिलांकडून मोठी रक्कम आली असेल तर दुसरा प्रकार आणि सोबत डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट (कुणाचा किती हिस्सा ते लिहिलेला दस्त) याचा विचार करा. हा विषय नवरा-बायकोंत अवघड वाटतो, पण फॉर्मवर टिक करण्याआधी घरी बोलाच.

सहीआधी रिपोर्ट ऑन टायटल, म्हणजे मालकीच्या कागदांवरचा सॉलिसिटरचा अहवाल, येतो. तो पूर्ण वाचा. मॉर्गेज डीडवरची (गृहकर्जाच्या दस्तावरची) सही साक्षीदारासमोर व्हायला लागते. साक्षीदार प्रत्यक्ष हजर हवा, व्हिडिओ कॉलवर चालत नाही, आणि घरचा माणूस नको. शेजारी किंवा सहकारी चालतो.

एक्स्चेंज आणि कम्प्लीशन

एक्स्चेंजच्या वेळी साधारण १० टक्के डिपॉझिट जातं आणि कम्प्लीशनची तारीख पक्की होते. त्यानंतर माघार घेतली तर डिपॉझिट बुडतं. त्याआधी भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका. घराचा विमा मात्र एक्स्चेंजच्या दिवसापासूनच चालू हवा.

मुहूर्त पाळणार असाल तर तो एक्स्चेंजच्या आधी सांगा. तारीख ठरल्यावर ती हलवणं म्हणजे कराराचा भंग, आणि पुढे-मागे चार घरांची साखळी असेल तर सगळ्यांचं सामान ट्रकमध्ये अडकतं. पैसे बँकेच्या कामाच्या दिवशीच जातात, त्यामुळे शनिवार-रविवार बाद. सोपा उपाय असा, की किल्ली ठरल्या दिवशी घ्यावी आणि कलश, वास्तुशांत, दूध उतू घालणं सोयीच्या तिथीला करावं.

पैसे पाठवताना सर्वांत जास्त जपा. चोर ईमेलच्या साखळीत शिरतात आणि बरोबर डिपॉझिटच्या दिवशी सॉलिसिटरच्या नावाने ‘आमचं खातं बदललं आहे’ असं पत्र पाठवतात. खाते क्रमांक सुरुवातीला लिहून ठेवलेल्या फोनवर बोलून ताडून घ्या, ईमेलमधल्या नंबरवर कधीही नाही. आधी थोडी रक्कम पाठवा, ती पोचल्याचं फोनवर ऐका, मग उरलेली. बँकेची रोजची मर्यादा आधीच तपासा.

किल्ली मिळाल्यावर सॉलिसिटरचं काम संपत नाही. कराचं विवरण कम्प्लीशननंतर १४ दिवसांत जायला हवं, मग लँड रजिस्ट्रीत नोंदणीचा अर्ज. ती व्हायला कधी कधी अनेक महिने लागतात. नोंद झाल्यावर उताऱ्यातलं नाव पासपोर्टशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट ही फुकट सेवा सुरू करा, घर भाड्याने देऊन भारतात परतणार असाल तर नक्कीच. मूळ प्रमाणपत्रं, हमीपत्रं, लीजची प्रत फर्मकडून मागून घ्या, कारण काही वर्षांनी फर्म फाईल नष्ट करतात.

काम बिघडलंच तर आधी फर्मकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी फी नाही.